माफीचा अंक

देवमन सरांच्या मासिकाचं नाव ‘कर्ता पुरुष’. नाव ऐकून माणूस दबकायचा आणि अंक हातात पडला की हसायचा, कारण तो असायचा जेमतेम सोळा पानांचा, मधे दोन पिना मारलेला, आणि मुखपृष्ठावरच्या चित्रात शाई एवढी उतरलेली की चौघांच्या कुटुंबातला बाप कोणता नि आई कोणती ते कळू नये. पण अमरावती, बडनेरा, अकोला, मूर्तिजापूर अशा गावांतल्या चारशे तीस ख्रिस्ती घरांत हे मासिक पंचवीस वर्षं जात होतं. ते कुठल्या मिशनचं नव्हतं, कुठल्या चर्चचं नव्हतं. एकट्या सरांचं होतं. आधी शाळेत मराठी शिकवून उरलेल्या वेळात आणि पुढे निवृत्तीनंतर उरलेल्या आयुष्यात त्यांनी ते चालवलं.

नवऱ्याने बायकोशी कसं बोलावं, दारूच्या दुकानावरून न वळता घरी कसं यावं, घरच्या प्रार्थनेत पुरुषाने पुढाकार घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं सगळं त्यात असे. असलं लिहिणारे पुष्कळ. सरांचं खरं वेगळेपण होतं पान तीनवर. तिथे त्यांचं सदर होतं, ‘आमच्या घरातून’. उपदेश करायचा तर दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवायचं नाही, आपल्या घराची खिडकी उघडायची, हा त्यांचा नियम. चर्चच्या मंडळीत रविवारी माणूस साक्ष द्यायला उभा राहतो, सगळ्यांदेखत सांगतो की मी प्यायलो, मी बायकोवर हात उचलला, देवाने मला त्यातून काढलं. सर तेच काम दर महिन्याला छापून करीत. फरक इतकाच, की साक्ष देणारा स्वतःबद्दल बोलतो. सरांच्या साक्षीत त्यांची बायको जयवंताबाई असायची आणि मुलगा ललित असायचा. हा फरक त्यांना पंचवीस वर्षांत कुणी दाखवला नाही, आणि मराठी व्याकरण कोळून प्यालेल्या या माणसाच्या तो आपण होऊन ध्यानात आला नाही.

मासिकाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ‘अंथरूण’ लिहिलं. ललित तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि रात्री अंथरूण ओलं करायचा. जयवंताबाई पहाटे उठून गुपचूप चादर धूत आणि मागच्या अंगणात वाळत घालीत. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी बायकोला बाजूला सारलं. ओली चादर पोराच्या हातात दिली, रस्त्याकडच्या कुंपणावर त्यालाच पसरायला लावली आणि ती वाळेपर्यंत तिच्याजवळ उभं केलं. मार्चचं ऊन, तासा-दीड तासात वाळायची. तेवढ्यात वर्गातली पोरं जायची, दूधवाला जायचा, एकदा तर पाळकसाहेबांनी सायकल थांबवून चौकशी केली. असं आठ दिवस चाललं आणि नवव्या दिवशी चादर कोरडी निघाली. सरांनी लिहिलं की लाज हा देवाने पुरुषाच्या हाती दिलेला लगाम आहे, तो वेळीच ओढला की मुलाचा माणूस होतो. मुलाचं नाव घातलं, वय घातलं. खोटं काही लिहायचं नाही, हाही नियमच होता.

त्या लेखावर सत्तर पत्रं आली. दोन पाळकांनी तो व्यासपीठावरून वाचून दाखवला. त्या मेमध्ये ललित मंडळीच्या शिबिराला गेला, तर पोरांनी त्याच्या गादीला प्लास्टिकचा कागद गुंडाळून ठेवला होता आणि शिबिराचे पुढारीही हसले होते. पुढच्या वर्षीपासून ललित शिबिराला गेला नाही. सरांनी त्यावरही लिहिलं, की आजची मुलं आत्मिक गोष्टींपासून दूर का पळतात.

जयवंताबाईंनी आयुष्यात एकदाच विरोध केला. त्या जमिनीवर बसून अंकांवर पत्त्यांच्या पट्ट्या चिकटवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्याचं नाव नोका टाकत जाऊ. लेकरू मोठं झालं आता.”

“नावाशिवाय लोकांना खरं वाटत नाही,” सर म्हणाले. बाईंनी पुढची पट्टी उचलली. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि तेव्हापासून पट्ट्या सर स्वतः चिकटवतात. त्यांच्या हातून त्या तिरप्या बसतात.

ललित विसाव्या वर्षी आयटीआय करून अकोल्याला गेला, तो तिथलाच झाला. टिळक रोडच्या आतल्या गल्लीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. आई होती तोवर रविवारी फोन यायचा. ती गेल्यावर महिन्यातून एकदा यायचा, तब्येत विचारायचा आणि संपायचा. दुकानाच्या पत्त्यावर मासिक पाठवू नका, एवढं त्याने फार पूर्वी सांगून ठेवलं होतं. पस्तिशी आली तरी लग्न नव्हतं. तीन स्थळं बघण्यापर्यंत येऊन गेली होती. का गेली ते सरांना कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी विचारलंही नव्हतं.

मासिकाला पंचवीस वर्षं होत आली तशी सरांनी जानेवारीच्या विशेष अंकाची तयारी धरली. वाचकांना लिहिलं, आजवरचा तुमचा आवडता लेख कळवा, तो पुन्हा छापू. एकसष्ट जणांनी कळवलं. त्यांतल्या बेचाळिसांनी ‘अंथरूण’ म्हटलं. सरांना मनातून गुदगुल्या झाल्या. त्यांनी तो जुना अंक काढून टेबलावर ठेवला आणि त्याच आठवड्यात ललितचा फोन आला.

“बाबा, अकोल्याले येता का? बोलाचं हाये. फोनवर नाई.”

डिसेंबरातल्या एका सकाळी सर अमरावतीच्या घरून निघून बडनेऱ्याहून पॅसेंजरने गेले. ललितचं दुकान म्हणजे भिंतीत खोचलेलं कपाटच. बापासाठी त्याने स्टूल पुसलं, हातातली सोल्डरिंगची कांडी बंद केली आणि काउंटरमागे उभा राहिला. बसायला दुसरी जागा नव्हती.

“लग्नाचं जमवलं मी,” तो म्हणाला. “माधवी नाव हाये. अथीच एका दवाखान्यात नर्स हाये. बडनेऱ्याच्या पार्वताबाईची नात. वीस जानेवारीले साखरपुडा करतो म्हणतात थे लोक.”

सरांचे डोळे भरून आले. जयवंता असती तर, असं त्यांच्या ओठावर आलं होतं. ते म्हणाले, “पार्वताबाई? अरे, त्या आपल्या वाचक आहेत!”

“म्हणूनच बोलावलं तुमाले.” ललितने काउंटरवरचा एक बारका स्क्रू उचलून डबीत टाकला. “तुमचा खास अंक निघून राहिला ना. त्याच्यात थे चादरीचं छापू नोका. माधवीले माहीत नाई. आमच्यातल्या तीन पोरींच्या घरी थे माहीत होतं, म्हणून तथी जमलं नाई.”

सरांना तीन स्थळांचा उलगडा असा, स्टुलावर बसल्या बसल्या झाला. तरी सवय जात नाही. ते म्हणाले, “अरे, पण ती तर विजयाची गोष्ट आहे. आठ दिवसांत बरा झालास तू.”

“नाई झालो.”

गल्लीतून एक मालवाहू रिक्षा गेली, ती पुरती निघून जाईपर्यंत ललित थांबला.

“मी बरा झालो नाई, बाबा. मी झोपणं सोडलं. भिंतीले पाठ लावून बसून राहो. डोळा लागला की आई हलवून उठवे. थे बी बसे माझ्यासंग. तुमाले वाटलं चादर कोरडी झाली. दहावीपर्यंत असंच चाललं. मंग कधी झोपलो तं परत तेच. आता बी होते. महिन्यात दोनदा, तीनदा. दुपारी या स्टुलावर टेकून झोप घेतो मी. आता पयल्यांदा डॉक्टरले दाखवलं. गोळ्या देल्या त्यानं. होते म्हणे बरं.” एवढं बोलून तो दमल्यासारखा झाला. “साखरपुड्याच्या आधी माधवीले मीच सांगणार हावो. माझ्या तोंडानं. तिनं नाई म्हटलं तं नाई. पण मी सांगीन. तुमी फक्त छापू नोका.”

“नाही छापत,” सर म्हणाले. “शब्द देतो. ‘अंथरूण’ नाही छापत.”

सरांना ते लागलं, हे खोटं नाही. समोर पस्तीस वर्षांचा, कानांवर पांढरे केस आलेला त्यांचा मुलगा उभा होता आणि तो चोवीस वर्षं धड झोपला नव्हता. ‘माझं चुकलं रे’ एवढंच म्हणायचं होतं. दीड हात अंतरावरून म्हणायचं होतं. काउंटरवर त्याचा हात होता, त्यावर हात ठेवला असता तरी भागलं असतं. पण सरांनी अशी गोष्ट जन्मात कुणाच्या तोंडावर म्हटली नव्हती. जयवंताबाईंचीही माफी त्यांनी एकदा पान तीनवरच मागितली होती, आणि तो अंक त्यांनी स्वतःच तिच्या हातात पट्टी चिकटवायला दिला होता. 

“चहा मागव,” ते म्हणाले.

दोघांनी चहा घेतला. ललित पायरीपर्यंत आला आणि ख्रिस्ती रीतीने “सलाम, बाबा” म्हणाला. सरही “सलाम” म्हणाले आणि स्टेशनकडे चालू लागले.

गाडीत मात्र शब्द मोकळे झाले. बोरगाव यायच्या आत पहिलं वाक्य आलं, मूर्तिजापूरला मधला भाग आला, आणि सर खिडकीशी बसून रडत रडत वहीत लिहीत होते. पापाची कबुली कोपऱ्यात द्यायची नसते, जिथे पाप केलं तिथेच द्यायची. आपण चारशे घरांत मुलाची मान खाली घातली, तर चारशे घरांतच ती वर केली पाहिजे. साध्या, सरळ माणसाला सुचेल असा हा हिशेब होता, आणि त्यांना तो इतका बरोबर वाटला की प्रत्यक्ष देवानेच सुचवला म्हणून त्यांनी डोळे मिटून आभारही मानले. शिवाय त्या पोरीला ते सगळं सांगायला पोराला किती जड जाईल! ते ओझं आता बाप उचलणार होता. ‘अंथरूण’ छापायचं नाही हा शब्द त्यांनी पाळला. त्या जागी त्यांनी ‘माफी’ छापायचं ठरवलं.

‘कर्ता पुरुष’ वीस वर्षं अकोल्यालाच ताहेरभाईंच्या छापखान्यात छापलं जात होतं. ताहेरभाई मजकूर स्वतः कॉम्प्युटरवर बसवीत. ‘माफी’ बसवता बसवता त्यांची बोटं थांबली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“सर, हे ललितले वाचाले देलं का?”

“अंक हातात पडेल तेव्हा वाचेल. त्याला कळू द्या बाप काय आहे ते.”

“आधी दाखवा त्याले. माझा फोन बिघडला का मी त्याच्याचकडे जातो. लय भला पोट्टा हाये. खाली पाहूनच बोलते.” ताहेरभाईंनी पडद्यावरचा मजकूर वर-खाली केला. “आमच्या अब्बांनी मले एकच शिकवलं. घरातल्याचा ऐब, काही खोट दिसली तं त्याच्यावर पांघरूण घालाचं.”

“तिथेच चुकतं, ताहेरभाई. झाकलेलं पाप आत सडतं.”

“पाप तुमचं हाये ना, सर? मंग तुमचंच लिवा ना. त्याची बिमारी कायले लिवता?”

 हा प्रश्न सरांना खरंच विचारात पाडणारा होता आणि ते मिनिटभर विचारात पडलेही. मग म्हणाले, “त्याचं दुःख लिहिलं नाही तर माझं पाप केवढं मोठं, ते लोकांना कळणार कसं?”

ताहेरभाईंनी चष्मा खाली घेतला आणि उरलेला मजकूर बसवला. दुपारी मशीन चालू झालं.

लेख उत्तम झाला होता. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. सरांनी इतकं चांगलं पूर्वी कधी लिहिलं नव्हतं. कुंपणावरची चादर त्यात होती, भिंतीला पाठ लावून बसलेलं पोरगं होतं, त्याला हलवून उठवणारी आई होती. ‘माझा मुलगा आज पस्तीस वर्षांचा आहे, तो घर मांडायला निघाला आहे, आणि आजही त्याला रात्रीची भीती वाटते, कारण ती व्याधी गेलेलीच नाही,’ असं त्यात होतं. गोळ्यांचंही होतं. शेवटी ‘ललित, मला क्षमा कर’ हे ठळक अक्षरांत होतं. आठ जानेवारीला सरांनी चारशे तीस तिरप्या पट्ट्या चिकटवून अंक टपालात टाकले. सतराव्या पट्टीवर पार्वताबाईंचं नाव होतं. ती चिकटवताना त्यांना वाटलं, बरं झालं, सोयरेही वाचतील.

गुरुवारपासून फोन सुरू झाले. वरूडच्या एका पाळकांना बोलता बोलता हुंदका आवरला नाही. नांदगाव खंडेश्वरचे एक गृहस्थ म्हणाले, सर, मी आज माझ्या मुलाला जवळ घेतलं. कुणीतरी पान तीनचा फोटो काढून मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तिथून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला, आणि संध्याकाळपर्यंत पुण्या-मुंबईहूनही हात जोडल्याची चिन्हं येऊ लागली. सर प्रत्येक फोन उचलत होते आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटत होतं की हा ललितचा असेल.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. ललित फोन उचलेना. रविवारी उपासना झाल्यावर सर थेट बडनेऱ्याला पार्वताबाईंच्या घरी गेले. साखरपुड्याला आठवडा उरला होता. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं.

पार्वताबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. ऐंशीच्या घरातली म्हातारी, रेल्वेत फिटर असलेल्या नवऱ्यामागे चार लेकरं तिने वाढवली होती. तिने “सलाम, सर” म्हटलं, खुर्ची दाखवली आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

“थो चादरीचा लेख म्या तवाच वाचला होता,” ती म्हणाली. “पयल्या वर्षी. ललितचं नाव निघालं तवा मले लगेच आठवला. म्या कोणाले बोल्ली नाई. माधवीले बी नाई. लेकरपणची गोष्ट, लेकरपणी गेली. पोट्टा कमावते, पेत नाई, खाली मान घालून बोलते, अजून काय पायजे? म्या तं त्यायच्या संसारासाठी पोळपाट-लाटणं बी घेऊन ठेवलं.” मग तिने सूप खाली ठेवलं. “पण हे तुमी कायले लिवलं, सर?”

सरांनी जुळवून आणलेलं काहीच कामाला आलं नाही. म्हणजे ललित ज्याला भीत होता ते या म्हातारीला पंचवीस वर्षं माहीत होतं आणि तिला त्याचं काही नव्हतं. तो जुना लेख पुन्हा छापला असता, तरी या ओसरीवर काही बिघडलं नसतं.

आतून माधवी आली. रविवारच्या सुट्टीला ती अकोल्याहून आली होती, पण झोप झाल्यासारखी दिसत नव्हती. तिने सरांपुढे पाण्याचा पेला ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.

“त्यानं मले शुक्रवारी भेटाले बोलावलं होतं,” ती म्हणाली. “महत्त्वाचं सांगाचं हाये म्हणे. मासिक गुरुवारी आलं.”

सरांनी पेला उचलला आणि पुन्हा ठेवला.

“मी शुक्रवारी जाऊन बसली. दोन तास बसली. तो आलाच नाई.” ती रडत नव्हती. “मले त्या आजाराचं काही नाई, सर. वार्डात मी रोज दहा चादरी बदलते. त्यानं सांगितलं असतं तं मी म्हटलं असतं, बरं, गोळ्या वेळेवर घेत जा. एवढंच म्हटलं असतं. पण त्याले आता वाटते, सगळ्या अकोल्याले माहीत हाये, मीच शेवटी ऐकलं. फोनवर एकदाच बोलला. म्हणे, तू दया करून हो म्हणशील, आन् मले थे जन्मभर दिसत राहीन.”

“मी त्याला समजावतो,” सर म्हणाले.

“नोका.” माधवी एकदम दारापासून सरळ झाली. “तुमी आता काही नोका समजावू त्याले.”

तिने मनाई केली, तरी सर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेले. न जाण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता.

दुकान उघडं होतं, पण काउंटर रिकामा होता. फळ्यांवरचे जुने मोबाइल, डब्या, वायरी शेजारच्या घड्याळवाल्या अजहरच्या खोक्यांत गेल्या होत्या. ललित खिळ्यावरचा आरसा काढत होता. बापाला पाहून त्याने तो काढला, पुसला आणि कागदात गुंडाळला.

“हैदराबादले चाललो,” तो म्हणाला. “तथी एका दुकानात काम भेटलं. मराठी कोणी वाचत नाई तथी.”

“आणि माधवी? मी काल जाऊन आलो. तिचं काही म्हणणं नाही, ललित. तिला काही वाटत नाही त्याचं. आजीलाही नाही.”

“माहीत हाये मले.”

“मग?”

ललितने आरसा खोक्यात ठेवला. चिडला असता, ओरडला असता तर सरांना बरं वाटलं असतं. पण तो नेहमीसारखाच खाली पाहून बोलत होता.

“माझ्यापाशी एकच गोष्ट होती, बाबा, जी मले कोणाले तरी स्वतः सांगता आली असती. पंधरा दिवस मी थे मनात बोलून पाहत होतो. पयले काय सांगाचं, मंग काय सांगाचं. थे बी तुमी सांगून टाकलं. माझ्याहून चांगलं सांगतलं. मी वाचलं तं मले बी रडू आलं.” त्याने खोक्याचं झाकण मिटलं. “आता तिच्यासमोर बसून मी काय बोलू? तुमच्या लेखातला ललित जाऊन बसीन तथी. मी नाई.”

देवमन सरांनी बसायला स्टूल शोधलं. ते अजहरकडे गेलं होतं, म्हणून त्यांनी काउंटर धरला. आणि मग, अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा, कागदाशिवाय त्यांच्या तोंडून ते निघालं.

“माझं चुकलं रे, बापू. माझं चुकलं. तेव्हाही चुकलं आणि आताही.” त्यांनी ललितचा हात धरला. तो हात त्यांनी चोवीस वर्षांत धरला नव्हता, आणि सोल्डरिंगने त्याची बोटं जागोजागी पोळलेली होती हे त्यांना तेव्हाच कळलं.

ललितने हात सोडवून घेतला नाही. त्याने बापाच्या हाताकडे पाहिलं. सरांना वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल, आणि तो म्हणालाही.

“हे बी छापसान ना आता?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. पुढच्या महिन्याच्या अंकात काय आहे, असं वाचक विचारतात तसं त्याने विचारलं होतं. मग त्याने हात हलकेच काढून घेतला, खोकं उचललं आणि ते अजहरच्या दुकानात ठेवायला गेला. सर थोडा वेळ थांबले. तो तिकडेच काहीतरी लावत बसला. पायरीपर्यंत कुणी आलं नाही आणि सलामही झाला नाही.

दुपारच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. सर खिडकीशी बसले. त्यांनी मनात नक्की केलं की मासिक बंद. आजपासून बंद. पत्त्यांच्या पट्ट्या, जुने अंक, बेचाळीस पसंतीची पत्रं, सगळं काढून टाकायचं आणि पुन्हा कधी एक ओळ लिहायची नाही. पोरासाठी आता एवढंच करण्यासारखं उरलं होतं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. पण प्रार्थनेचं पहिलं वाक्य नीट बसेना म्हणून त्यांनी ते मनात बदललं, मग दुसऱ्यांदा बदललं, आणि बोरगाव गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ही प्रार्थना नाही.

‘माझ्या मुलाने त्या दिवशी माझा हात सोडवून घेतला नाही, त्याने फक्त एक प्रश्न विचारला.’

वाक्य चांगलं होतं. ते किती चांगलं होतं हे त्यांना लगेच कळलं, आणि कळल्याबरोबर त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी ते विसरायचा प्रयत्न केला. बाहेरची शेतं पाहिली, समोरच्या बाईला वेळ विचारली, जयवंताचा चेहरा आठवून पाहिला. ती जमिनीवर बसून मान वर न करता पट्ट्या चिकटवत होती. तेवढ्यात दुसरं वाक्य आलं, आणि ते पहिल्याहून चांगलं होतं.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा सरांनी खिशातलं पेन काढलं. बडनेरा आलं, तोवर पान तीन भरत आलं होतं.